या चित्राचे स्केल काय?

(महाराष्ट्र दिनानिमित्त जयपूर येथे मंडळाच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकावर काढलेली अमूर्त चित्रे आणि त्यांचे इमारतींशी असलेले नाते, असा आजचा विषय आहे. महाराष्ट्र दिनाला पोवाडा सोडून हे काय, असा भाव काही चेहऱ्यांवर दिसतो आहे. पण हा विषय मी निवडलेला नाही. तो गेल्या गणपतीतच आपल्यापुढे येऊन पडला आहे, आणि येत्या सर्वसाधारण सभेत त्यावर पैसे खर्च करायचे की नाही हे ठरायचे आहे.

आठवण करून देतो. आपली सजावट वर्षानुवर्षे थर्माकोलची असे. रायगड झाला, शनिवारवाडा झाला, एका वर्षी केदारनाथ झाले. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली आणि ती योग्यच आली. पुढे आपण कापड आणि फुलांवर भागवले. गेल्या वर्षी मुलांनी मखराच्या मागे वीस फूट रुंद पांढरा पडदा ताणला आणि प्रोजेक्टरने त्यावर आपल्या जंतरमंतरमधील आकार सोडले. त्रिकोण, चाप, जिने, सावल्या. कोणते यंत्र ते ओळखू येऊ नये अशा बेताने ते एकमेकांत मिसळत होते.

प्रतिक्रिया सर्वांना ठाऊक आहेत. एक आजोबा म्हणाले, "हे काय आहे ते सांगा. सांगता येत नसेल तर पुढच्या वर्षी परत केदारनाथ करा." एका काकांनी विचारले, "संगणकाने केले, मग तुम्ही काय केले?" आणि मुलांचे म्हणणे असे की पडदा लहान पडला, म्हणून परिणाम झाला नाही, यंदा चाळीस फुटांची एलईडीची भिंत भाड्याने आणा. तिन्ही बाजूंना माझे काही सांगणे आहे. मी चित्रकार नाही, डिप्लोमाचा इंजिनीअर आहे. आमच्या डिप्लोमाला ड्रॉइंगच्या तासाला कागद पुढे ठेवला की सर पहिला प्रश्न विचारत, "स्केल काय?" उत्तर आले नाही तर कागद परत. तोच प्रश्न मी या चित्रांना विचारून पाहणार आहे.

आधी काकांचा प्रश्न घेतो, कारण तो साठ वर्षांपूर्वीच विचारून झालेला आहे. जर्मनीत गेऑर्ग नेस नावाचे गणितज्ञ होते. एर्लांगेनला सीमेन्स कंपनीत नोकरी. संगणकाला रेषा काढण्याचे नियम लिहून द्यायचे आणि पेन धरणाऱ्या प्लॉटरकडून त्या कागदावर उतरवून घ्यायच्या, असे ते करू लागले. फेब्रुवारी १९६५ मध्ये स्टुटगार्टच्या तंत्रशिक्षण विद्यापीठात माक्स बेन्झे या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी ही चित्रे मांडली. संगणकचित्रांचे जगातले हे अगदी पहिल्यांपैकी एक प्रदर्शन. तिथे जमलेले चित्रकार चांगलेच बिथरले. एकाने विचारले, तुमचे यंत्र माझ्या हाताची ढब काढून दाखवील का? नेस यांचे उत्तर अशा अर्थाचे होते की हो, तुमची ढब नेमकी कशी आहे ते मला सांगा, म्हणजे काढून दाखवतो. त्यावर वातावरण आणखी तापले. शेवटी बेन्झे यांनी या प्रकाराला 'कृत्रिम कला' असे नाव देऊन मंडळींना शांत केले. आपल्याकडे चहा देऊन करतात.

नेस यांच्या उत्तरात काकांचे उत्तर आहे. नियम सांगणे हेच काम. आपल्या भगिनी दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात तेव्हा पंधरा ते आठ असे ठिपके आधी ठरतात, कोणता ठिपका कोणाला जोडायचा तेही ठरते. ती रांगोळी कशाचे चित्र आहे, असे कोणी विचारत नाही. ठिपके पाडायला भोके पाडलेला कागद वापरला म्हणून रांगोळी कागदाने काढली, असेही कोणी म्हणत नाही.

नेस यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र १९६८ ते १९७० च्या सुमारचे. नाव 'शॉटर'. रेल्वेतल्या माझ्या मित्रांनी कान द्यावेत. शॉटर म्हणजे खडी. रुळाखाली पसरतात त्या खडीलाही जर्मनीत हाच शब्द आहे. चित्रात एकाच मापाचे चौकोन आहेत, आडवे बारा आणि उभे बावीस, म्हणजे एकूण २६४. वरच्या ओळीत सगळे शिस्तीत, फरशी बसवल्यासारखे. एकेक ओळ खाली यावे तसे चौकोन थोडे फिरतात, थोडे सरकतात, आणि तळाशी पोहोचेपर्यंत ट्रकमधून ओतल्यासारखे होतात. प्रत्येक चौकोन किती फिरेल आणि किती सरकेल हे संगणकाने यादृच्छिक आकड्यांवरून ठरवले. पण कमाल किती फिरू द्यायचे याची मर्यादा नेस यांनी घातली होती आणि ती ओळीगणिक वाढवत नेली होती.

हे वाचले तेव्हा मला आमचे खडीचे स्पेसिफिकेशन आठवले. ६५ मिलिमीटरच्या चाळणीवर पाच टक्क्यांहून जास्त खडी राहता कामा नये, ४० च्या चाळणीवर चाळीस ते साठ टक्के राहावी, २० च्या चाळणीवर निदान अठ्ठ्याण्णव टक्के. कोणता दगड कुठे पडावा याबद्दल त्यात एक अक्षर नाही. तो कसाही पडो. तरी त्या स्वैर पडलेल्या, धारदार कडांच्या दगडांनी एकमेकांना धरून ठेवल्यावर त्यावरून हजारो टनांची मालगाडी जाते. गँगमनला विचारा, खडीत नियम नाही असे तो म्हणणार नाही. मर्यादा माणसाने घालायची आणि आतली मोकळीक दगडाला द्यायची. 'शॉटर' मध्ये तेच आहे आणि म्हणून ते मला प्रथमदर्शनी आवडले. एरवी अमूर्त चित्रापुढे मीही आपल्यासारखाच घड्याळ पाहतो.

आता स्केल. 'शॉटर' कागदावर लहानच आहे. तरी पाहताना भिंत ढासळते आहे असे वाटते, टेबलावर पत्ते विस्कटले आहेत असे वाटत नाही. का? माझे उत्तर असे की सर्व चौकोन एकाच मापाचे आहेत. डोळा त्यातला एक उचलतो, त्याला वीट किंवा दगड समजतो आणि बाकीचे त्याने मोजतो. लहानमोठे चौकोन असते तर कशाने काय मोजायचे हेच कळले नसते. ऑटोकॅडवर काम करणाऱ्यांना हे लगेच पटेल. तिथे आपण सगळे एकास एक मापाने काढतो. पूल तीनशे मीटरचा असो की नट वीस मिलिमीटरचा, पडद्यावर दोन्ही तेवढेच दिसतात. चाक फिरवले की पूल मुंगीएवढा आणि नट घुमटाएवढा. हाताने काढत होतो तेव्हा कागदाची कडाच सांगे की आता पुरे. पडद्याला कडा आहे, पण मापाची मर्यादा नाही. म्हणून संगणकावर काम करणाऱ्या चित्रकाराला माप कुठून तरी आणावे लागते. मी त्याला माझ्यापुरते 'पायरी' म्हणतो. चित्रात पायरी कुठे आहे?

दोन उदाहरणे देतो, दोन्ही सरळ इमारतींतून निघालेली.

पहिले झ्युरिकच्या मायकेल हान्समायर या वास्तुविशारदांचे. २०१० च्या सुमारास त्यांनी जुन्या ग्रीक मंदिराचा साधा डोरिक खांब संगणकात घेतला आणि त्याच्या पृष्ठभागाचे तुकडे करत जाण्याचा नियम लिहिला. प्रत्येक तुकड्याचे पुन्हा तुकडे, त्यांचे पुन्हा. शेवटी ऐंशी लाखांपासून एक कोटी साठ लाखांपर्यंत पैलू असलेले खांब तयार झाले. हाताने काढायचे म्हटले तर सात पिढ्या लागतील. ते पाहताना पोवळे आठवते, फ्लॉवरचा गड्डा आठवतो, पण खांब म्हणावे असेही काही राहिलेले असते. इथवर सगळे पडद्यावरचे. पुढे त्यांनी खरे काम केले. एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचे सत्तावीसशे तक्ते प्रत्येकी वेगळ्या आकारात कापून एकावर एक रचले आणि दोन मीटर सत्तर सेंटीमीटर उंचीचा खांब उभा केला. सत्तावीसशे मिलिमीटर, सत्तावीसशे तक्ते, हिशेब सोपा. २.७ मीटर म्हणजे आपल्या रेल्वे क्वार्टरच्या खोलीत जेमतेम उभा राहील एवढा. माणूस त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला की मगच कळते की बारकावा बोटाच्या पेराएवढा आहे आणि खांब आपल्यापेक्षा हातभर उंच. पडद्यावर त्याचा अंदाज येत नव्हता.

यात परदेशाचे फार कौतुक वाटून घेऊ नये. आकारातून त्याच आकाराचे लहान आकार काढण्याची रीत आपल्या मंदिरांत हजार वर्षांपूर्वीची आहे. खजुराहोच्या कंदारिया महादेवाचे मुख्य शिखर पाहा. त्याला चिकटून त्याच घडणीची लहान शिखरे, ज्यांना उरुशृंगे म्हणतात, त्यांना चिकटून आणखी लहान. शिखर सुमारे एकतीस मीटरच आहे, पण डोळा धाकट्या शिखरावरून थोरल्यावर चढत जातो आणि डोंगर पाहिल्यासारखे वाटते. ज्यांना अमूर्त म्हटले की धडकी भरते त्यांनी एकदा मूर्तींकडे दुर्लक्ष करून नुसते शिखर पाहावे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. लॉस एंजलिसला वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉल आहे, फ्रँक गेरी यांचा, २००३ साली उघडलेला. बाहेरून स्टेनलेस स्टीलचे शिडासारखे वळलेले पत्रे. हे वळणदार पत्रे मोजायला आणि कापायला विमानांच्या आराखड्यासाठी बनलेले सॉफ्टवेअर वापरले होते. (काही भाग इतका चकचकीत होता की समोरच्या घरांत ऊन परावर्तित होऊन उकाडा वाढला, आणि २००५ मध्ये तो घासून मंद करावा लागला. आमच्यातल्या सुपरव्हिजनवाल्यांना हे ऐकून बरे वाटेल.) २०१८ च्या सप्टेंबरअखेर तिथल्या वाद्यवृंदाच्या शताब्दीनिमित्त रेफिक अनादोल या इस्तंबूलमध्ये जन्मलेल्या कलाकाराने त्या पत्र्यांवर बेचाळीस प्रोजेक्टरांनी चित्रे सोडली. वाद्यवृंदाच्या शंभर वर्षांच्या संग्रहातील सुमारे पंचेचाळीस टेराबाइट माहिती, म्हणजे छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती, संगणकाला शिकवून त्यातून हे आकार निर्माण केले होते. मी चित्रफीतच पाहिली आहे. मला स्पष्ट सांगायचे तर त्यात रंगांचा धुरळा बराच आहे आणि काही वेळाने तो सारखाच वाटू लागतो. पण जेव्हा रंग बाजूला होऊन नुसत्या पांढऱ्या रेषा पत्र्याच्या घडीघडीवरून धावतात आणि इमारत क्षणभर आपल्याच नकाशात परत गेल्यासारखी दिसते, तेव्हा अंगावर काटा येतो. कारण खाली दारे आहेत, रस्त्यावर माणसे उभी आहेत. पायरी खरी आहे. हेच चित्र फोनवर पाहिले तर कपड्यांच्या साबणाची जाहिरात वाटते.

आणि आता आपल्या घराजवळ. जंतरमंतर आपण पाहुण्यांना दाखवून दाखवून कंटाळलो आहोत. पण नीट पाहा, ते उघड्या मैदानावर मांडलेले अमूर्त आकारच आहेत. तिथला प्रत्येक आकार मोठा का आहे याला मात्र कारण आहे. सवाई जयसिंगांनी आधी पितळी यंत्रे करून पाहिली. ती लहान, त्यांच्यावर बारीक खुणा पाडता येत नाहीत, आणि आस झिजले की माप चुकते. म्हणून दगड-चुन्यात बांधायचे ठरले. त्यांच्या पदरी पंडित जगन्नाथ सम्राट होते, मूळचे महाराष्ट्रातले. त्यांनी युक्लिडचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात 'रेखागणित' या नावाने आणला. जयपूरच्या आपल्या मंडळाचे आद्य सभासद त्यांनाच मानायला हरकत नाही, वर्गणीची पावती तेवढी सापडत नाही.

थोरले सम्राट यंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच आहे. मधल्या भिंतीचा तिरपा काठ ध्रुवाकडे रोखलेला, दोन्ही बाजूंना संगमरवरी चाप. चापाची त्रिज्या साधारण पंधरा मीटर. गणित करून पाहा, सावली सेकंदाला सव्वा मिलिमीटरपेक्षा थोडी कमी, म्हणजे मिनिटाला साडेसहा सेंटीमीटर सरकते. डोळ्यांनी सरकताना दिसते. खुणा दोन सेकंदांपर्यंतच्या आहेत. शेजारच्या लघु सम्राटावर वीस सेकंदांपर्यंतच वाचता येते. म्हणजे आकार वाढवला तो दिमाखासाठी नव्हे, मिलिमीटर मिळावेत म्हणून.

पण यात एक मेख आहे, आणि एलईडीची भिंत मागणाऱ्या मुलांसाठी मी मुद्दाम ती राखून ठेवली होती. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाचा आहे. त्यामुळे सावलीला धारदार कड नसते. पंधरा मीटरवर ती सुमारे चौदा सेंटीमीटर रुंदीच्या धूसर पट्ट्यात विरत जाते, म्हणजे दोन मिनिटांचे अंतर. दोन सेकंद वाचायचे तर त्या पट्ट्यात दोरा किंवा काडी धरून कडा शोधावी लागते. यंत्र दुप्पट केले असते तर? खुणा दुप्पट लांब झाल्या असत्या आणि धूसर पट्टाही दुप्पट. नुसते मोठे केल्याने अस्पष्टपणा जात नाही, तोही मोठा होतो.

आपल्या पडद्याचेही तसेच. वीस फुटांवर आडवे १९२० ठिपके, म्हणजे एकेक ठिपका सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. चांगल्या नजरेला अकरा मीटरच्या आत आले की ते वेगवेगळे दिसू लागतात. म्हणून मागच्या खुर्च्यांवरच्या वहिनींना चित्र गुळगुळीत दिसले आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरांना चौकडी. चाळीस फूट केलेत तर तोच ठिपका साडेसहा मिलिमीटर होईल. भाड्याच्या एलईडी भिंतीत दिव्यांमधले अंतर तीन-चार मिलिमीटर असते, ते जरा बरे. पण तुमचे मूळ चित्र तेवढ्या बारकाव्याचे नसेल तर भिंत काय करणार? आणि आपले मैदान एवढे आहे की चाळीस फुटांच्या भिंतीपुढे बाप्पांची अडीच फुटांची शाडूची मूर्ती शोधावी लागेल. हे मला मुळीच मान्य नाही.

आजोबांचा प्रश्न राहिला. हे काय आहे? आजोबा, बारा मिनिटांच्या त्या चित्रात बराच भाग असा होता की मलाही उत्तर देता आले नसते. त्रिकोण येत होते, जात होते. पण मधे एक मिनिट असे होते, आपल्याला आठवत असेल, की सगळे आकार थांबले आणि काळ्या भिंतीच्या मधून एक जिना वर जात राहिला. सम्राट यंत्राच्या भिंतीवरून वरच्या छत्रीकडे जातो तो जिना. त्या वेळी मांडवात आवाज थांबला होता. मी आपल्याकडे पाहत होतो, आपण चष्मा पुसून पुन्हा लावला. त्या अवाढव्य यंत्रात माणसाच्या पावलाच्या मापाची वस्तू एकच, ती म्हणजे पायरी. ती दिसली आणि बाकीचा त्रिकोण सत्तावीस मीटरचा झाला. वीस फुटांच्या पडद्यावर. केदारनाथाच्या थर्माकोलच्या देवळालाही आपण चार बोटांचा नंदी ठेवत होतो, तो याचसाठी.

तेव्हा सभेपुढे माझी सूचना अशी असेल. केदारनाथ नको आणि एलईडीची भिंतही नको. गेल्या वर्षीचाच पडदा आणि तोच प्रोजेक्टर राहू द्यावा. वाचलेल्या पैशांत मुलांना एक वर्षाचे चांगले सॉफ्टवेअर घेऊन द्यावे. मुलांनी बारा मिनिटांचे सहा करावेत. पडद्याच्या तळाशी, मूर्तीच्या चौरंगाला लागून, लाकडाच्या खऱ्या तीन पायऱ्या कराव्यात, सुतारकामाला आमचे मित्र तयार आहेत, आणि पडद्यावरचा जिना तिथून पुढे त्याच मापाने सुरू व्हावा. छायाचित्रे ताणून न वापरता आकार मोजून काढावेत. त्यासाठी येत्या रविवारी सकाळी जंतरमंतरला जायचे ठरले आहे. परवानगीचा अर्ज दिला आहे. टेप आणि दोरा मी आणतो, टोपी आणि पाण्याची बाटली ज्याची त्याने आणावी. आजोबा, आपल्यासाठी गाडी पाठवतो. सावली कुठे संपते हे ठरवायला आम्हाला एक तिऱ्हाईत माणूस हवा आहे.